सुटा भाग, नग एक

बुधवार, १८ फेब्रुवारी. सकाळी धुकं, अकरानंतर लख्ख ऊन, वारा अजिबात नाही. सभा तीनची आहे. आता तीन वाजून वीस मिनिटं झाली आहेत आणि तेवीसपैकी चार सभासद येऊन बसले आहेत. त्यांतला एक झोपला आहे.

मी एक इमारत बोलतेय. दचकू नका, मोठी नाही. उंची सहा इंच, लांबी दहा, रुंदी पाच. तळमजला धरून पाच मजले, दर मजल्यावर आठ घरं, एकूण चाळीस. मी पांढऱ्या सनबोर्डची आहे, म्हणजे कटरनं सरळ कापला जाणारा जो हलका, जाड फोमचा पुठ्ठा असतो ना, त्याची. खिडक्यांना निळसर प्लास्टिक. पालिकेच्या घरकुल योजनेच्या मॉडेलमधली मी सहावी आणि शेवटची इमारत. सध्या मॉडेलपासून दूर, लिपिकाच्या टेबलावर, पाण्याचा जग आणि हजेरीपट यांच्या मध्ये उभी आहे. माझ्या गच्चीवर दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर लिहिलंय, 'सुटा भाग, नग १'.

आज माझा निकाल लागायचा आहे. सभासद जमेपर्यंत वेळ आहे. या सभागृहात कशाचीही टंचाई होईल, वेळेची होत नाही. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, एका छापखान्याच्या वरच्या खोलीत झाला. मॉडेल करणारा माणूस पाठीत वाकलेला होता. वर्षानुवर्षं टेबलावर ओणवं राहून त्याला पोक आलं होतं. एरवी तो बिल्डरांची कामं करायचा. काचेचे मनोरे, पोहण्याचे तलाव, तलावाकाठी छत्र्या. पालिकेचं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं: साध्या सहा इमारती, दोनशे चाळीस घरं, ज्यांना दर वर्षा-दोन वर्षांनी भाड्याच्या खोलीतून बोचकं उचलावं लागतं अशांसाठी. तो स्वतः त्यांतलाच होता, पण हे तो कोणाला सांगत बसला नाही.

तो कापायचा आणि त्याची बायको दारं चिकटवायची. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठं एकेक दार. प्रत्येक दारावर तिनं चिमट्यानं आकड्याची चिठ्ठी लावली, एकपासून दोनशे चाळीसपर्यंत. हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "एवढं कोण बघणार आहे?"

ती म्हणाली, "ज्याचं दार आहे तो बघेल."

मी आजवर ऐकलेल्या बोलण्यात हे सर्वांत शहाणं वाक्य आहे, आणि मी चार वर्षं सभागृहात काढली आहेत.

पहिल्या पाच जणींना त्यानं पक्क्या गोंदानं पाटावर बसवलं. माझी पाळी आली तेव्हा गोंदाची नळी संपली. दुकानाला सुट्टी, आणि पालिकेचा निरोप असा की उद्घाटन उद्या सकाळी दहाला, अर्ध्या तासाचाही उशीर चालणार नाही. तेव्हा त्यानं मला कागद चिकटवायच्या पांढऱ्या डिंकानं बसवलं. दुसऱ्या दिवशी मॉडेल पोचवताना त्यानं पालिकेच्या अभियंत्याला बजावून सांगितलं, "ही सहावी पांढऱ्या डिंकाची आहे साहेब. पाणी लागू देऊ नका." अभियंत्यानं मान हलवली. मान हा या गृहस्थांच्या शरीरातला सर्वांत कामसू अवयव आहे. उद्घाटन दुपारी दोनला झालं.

सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे. खालून वर यायला चौतीस पायऱ्या. लिफ्ट आहे, तिच्यावर 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी आहे. आम्हाला ठेवलं ते व्यासपीठासमोर, एका लांब टेबलावर, काचेच्या पेटीत. ती काच तिसऱ्या महिन्यात एका सभासदाच्या कोपरानं फुटली आणि नवी मागवायचं ठरलं. अजून ठरलेलंच आहे. समोरच्या भिंतीवर घड्याळ आणि दिनदर्शिका, शेजारी माजी अध्यक्षांच्या नावांचा फलक. लिपिकाला जे लिहील ते पुटपुटायची सवय आहे. त्याचं ऐकत आणि फलकाकडे बघत मी अक्षरं शिकले. पहिल्यांदा मला वाचता आलं ते वाक्य होतं, 'विषय पुढील सभेत घ्यावा'. ते मी रोजच ऐकत होते म्हणा.

या लिपिकाबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं त्याच्या एका वाक्यावरून घडलं. योजना मंजूर झाली तेव्हा ठरावात इमारती किती, घरं किती, रस्ता किती रुंद, नळ कुठे, हे सगळं लिहायला हवं होतं. सहा पानं झाली असती. त्यानं एक ओळ लिहिली: 'योजना सभागृहातील मॉडेलमध्ये दाखवल्याप्रमाणे मंजूर.' सगळ्यांनी वाहवा केली, थोडक्यात आटोपलं म्हणून. मूळ नकाशे पुढे अभियंत्यांच्या बदल्यांत कुठल्याशा गठ्ठ्यात गेले. तेव्हापासून इथे रीतच पडली: योजनेत काही बदलायचं तर मॉडेल बदलायचं, आणि कोणाला काही विचारायचं असेल तर मॉडेल बघायचं. शहाणी माणसं घर बघून मॉडेल करतात. ही माणसं मॉडेल बघून घर करायला निघाली होती.

पहिले सात-आठ महिने वाद चालला तो प्राधान्याचा. घर आधी कोणाला? योजना ज्यांच्या नावानं आली ते तर स्पष्ट होते: घरकाम करणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या, हातगाडीवाले, ज्यांच्या नावावर या गावात भाड्याच्या पावतीशिवाय दुसरा कागद नाही. त्यांची नावं पहिल्या इमारतीत होती. मग एकानं सुचवलं की पालिकेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचा हक्क आधीचा. झालं, पहिली इमारत त्यांची, बाकीचे एक इमारत मागे. मग ज्यांची जमीन पूर्वी रस्त्यात गेली ते आले. मग 'समाजासाठी झिजलेली माणसं' आली. ती झिजलेली मी पाहिली आहेत, खुर्चीत मावत नव्हती. अशा पाच सभा झाल्या, आणि ज्यांच्यासाठी सगळा घाट घातला होता ते सरकत सरकत शेवटी माझ्यात येऊन पडले. क्रमांक २०१ ते २४०. माझ्या पुढे आणखी सरकायला पाटच नव्हता.

'गरिबांना घर द्यायला आमचा विरोध नाही, पण' हे वाक्य मी त्या पाच सभांत एकतीस वेळा मोजलं. 'पण'नंतर काय आलं ते दर वेळी वेगळं होतं, म्हणून ते मोजलं नाही.

यात सर्वांत जास्त बोलले ते मुद्देवाले. यांचं हे नाव कर्मचाऱ्यांनी ठेवलं आहे, कारण उठले की ते म्हणतात, "मुद्दा असा आहे." त्यानंतर वीस मिनिटं आपण वाट बघायची. मुद्दा येत नाही. चहा येतो. चहाचा पेला ते रिकामा झाला की आमच्या पाटावर ठेवतात, बहुतेक वेळा मुलांच्या बागेत. बागेतल्या स्पंजच्या दोन झाडांना त्यानं कायमचा बाक आला आहे.

आता मावशी.

मावशी म्हणजे सभागृह झाडणारी बाई. ठेकेदाराकडची, बिल्ल्यावर नंबर असलेली. कोणाची मावशी ते कोणालाच माहीत नाही. अध्यक्षांपासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणतात, म्हणजे नाव विचारायचा त्रास वाचतो. यादी लागली तेव्हा तिचा क्रमांक निघाला २०७. माझा तळमजला, डावीकडून सातवं दार. तळमजला उगाच नव्हता. तिची सासू गुडघ्यांनी जायबंदी आहे, आणि त्या दोघी राहतात तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. म्हातारी चौदा महिने खाली उतरली नव्हती. त्यात घरमालकानं यंदा सांगून ठेवलेलं, येत्या मार्चअखेर खोली सोडा. यादीत ज्यांचं नाव पक्कं त्यांना एप्रिलपासून बांधकाम होईपर्यंत पालिकेच्या बैठ्या खोल्यांत जागा मिळणार होती. तेव्हा २०७ हा आकडा म्हणजे मावशींच्या दृष्टीनं एप्रिल महिना होता.

यादी लागली त्या दिवशी मावशींनी वाकून वाकून दार शोधलं. छापखान्यावरच्या बाईचं म्हणणं खरं ठरलं.

तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, सगळं सभागृह झाडून झालं की त्या माझ्याकडे यायच्या. बाकीच्या पाचांवरून कोरडं फडकं फिरवायच्या, तेही घाईत. माझ्यासाठी ओढणीच्या टोकाला जरा पाणी लावायचं आणि सातवं दार, त्याचा उंबरठा, पुढची दोन बोटं जागा पुसून काढायची. वर बोलणंही चालायचं. "आज धूळ फार हं तुझ्याकडे." "आज तुझ्या आजीनं परत कढीवरून तोंड केलं." मी पुठ्ठ्याची, मला कोणी आजी नाही, पण मला ते बरं वाटायचं, हे कबूल करते. तीन वर्षं हा नेम चुकला नाही.

पांढरा डिंक, आणि रोज दोन बोटं पाणी.

९ जुलै, बुधवार. ढगाळ, दमट. सकाळी आठ वीसला मावशींनी उंबरठा पुसला आणि मी त्यांच्या हातात आले. अख्खी. पाटावर राहिला तो एक फिकट चौकोन. मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी मला धुतलेल्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलं, कोपऱ्यातल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, आणि लिपिक आल्या आल्या त्याला सांगितलं, "इमारत सुटलीय हो. कपाटात ठेवलीय. चिकटवून घ्या." लिपिक म्हणाला, "बघतो." मग अकराला सभा लागली आणि मावशींना बाहेर काढण्यात आलं, कारण सभा चालू असताना झाडणारी माणसं आत दिसलेली बरी दिसत नाहीत.

कपाटाला काचेचं दार आहे. फडकं एका बाजूनं घसरलं होतं. मी सगळं पाहिलं.

त्या दिवशी बांधकामाची निविदा काढायची होती. छापील अर्जात एक रकाना होता, 'एकूण इमारती'. लिपिकानं पेन उचलून विचारलं, किती लिहू? अध्यक्षांनी अभियंत्याकडे पाहिलं. अभियंता उठला, हातात काठी घेतली आणि मॉडेलपाशी आला. काठीचं टोक एकेका गच्चीवर टेकवत त्यानं मोठ्यानं मोजलं.

"एक. दोन. तीन. चार. पाच."

सभागृहात एकवीस माणसं होती. त्यांतल्या बाराजणांनी आधीच्या ठरावावर सह्या केल्या होत्या. तिघांनी माझ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले होते. मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटलं, "सहा होत्या ना?" अध्यक्ष म्हणाले, "समोर दिसतंय ते लिहा." लिपिकानं पाच लिहिलं. दोनशे चाळीसचे दोनशे झाले. कपाट तिथून अकरा पावलांवर होतं, आणि त्यात काय आहे ते लिपिकाला सकाळीच कळलं होतं. त्याला आठवलं नाही असं तो पुढे म्हणाला. माझा त्याच्यावर विश्वास आहे. आठवण ठेवायला जे लागतं ते त्याच्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना कळलं. त्या मला फडक्यासकट घेऊन लिपिकासमोर उभ्या राहिल्या.

"ही घ्या. आता सहा झाल्या."

"मावशी, आता सह्या झाल्या," तो म्हणाला. "कालच सांगायचं होतंत."

"काल सांगितलं होतं."

"लेखी दिलं होतं का?"

लिपिकानं मला ठेवून घेतलं आणि चिठ्ठी बांधली. खरं तर तो मला त्याच मिनिटाला पाटावर चिकटवू शकला असता. पण आता मी पुराव्याची वस्तू झाले होते. पडलेली वस्तू परत जागेवर ठेवायला, तो म्हणाला, दुरुस्ती ठराव लागेल, आणि ठराव मांडायला सभासद.

मावशी त्यांच्या वॉर्डाच्या ताईंकडे गेल्या. ताई दुसऱ्यांदा निवडून आलेल्या, बोलायला गोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "अन्याय आहे हा सरळसरळ" असं म्हणाल्या आणि दुरुस्ती ठराव दिला. मला दोन्ही हातांत धरून त्यांनी फोटोही काढला. फोटोत मी उलटी आहे. तळमजला वर.

ठराव पटलावर आला तोवर पाटावरचा फिकट चौकोन सगळ्यांच्या डोळ्यांत भरला होता. चार वर्षांत ज्यांनी मॉडेलकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांना आता 'मोकळी जागा' दिसू लागली. एकाला तिथे ज्येष्ठांसाठी बाग हवी होती. एकाला दुकानं, योजना 'स्वतःच्या पायावर' उभी राहावी म्हणून. मुद्देवाले उठले. मुद्दा असा होता की पहिल्या पाच इमारतींत राहायला येणारी माणसं प्रतिष्ठित आहेत आणि त्यांच्याकडे गाड्या असणार. एवढं बोलून त्यांनी आपल्या गाडीची किल्ली त्या चौकोनावर ठेवली. कशी बसली बघा, म्हणाले.

किल्लीनं सभागृहावर जो परिणाम केला तो माझ्या चाळीस दारांनी कधी केला नव्हता. पुढच्या सभेला अभियंत्यानं खेळण्यांच्या दुकानातून लाल रंगाच्या चार गाड्या मागवल्या आणि चौकोनावर मांडून दाखवल्या. एकेक गाडी पाच इंच लांब. माझ्या मापानं बघितलं तर एका गाडीत दोन कुटुंबं ऐसपैस राहिली असती. चौकोनात बरोबर चार मावल्या, पाचवीला जागा नव्हती. कोणाच्याही मनात मापाची शंका आली नाही. "छान दिसतंय," अध्यक्ष म्हणाले. माझ्या पाच बहिणी त्या गाड्यांकडे अशा काही बघत होत्या की जणू त्यांच्याच आहेत. तेव्हापासून मी त्यांना बहिणी मानत नाही.

११ नोव्हेंबरला हरकती ऐकायचा दिवस ठेवला. कोरडी हवा, सकाळी थंडी. ज्यांची नावं जाणार त्यांनी येऊन म्हणणं मांडावं. चाळिसातले नऊजण आले. बाकीच्यांचा त्या दिवशी कामाचा वार होता, पालिकेला कामाचा वार कळत नाही. मावशींनी सासूला आणलं होतं. लिफ्टवाल्यानं पाटीकडे बोट दाखवलं. म्हातारीला खुर्चीत बसवून उचलून न्यायला काहीजण तयार होते, पण तिनं ऐकलं नाही. चौतीस पायऱ्या चढायला तिला बावीस मिनिटं लागली. वर आली ती घामानं भिजून, आणि आधी माझ्याकडे.

"हेच का ते?" तिनं सुनेला विचारलं.

"हेच, आई. हे सातवं दार आपलं."

म्हातारीनं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. "संडास आत आहे का बाहेर?"

"आत."

"तुला कोण म्हणालं?"

"मला माहितेय. तुम्ही बसा आता."

"बसते. चढून आलेय मी, बोलून जाणार."

तिची पाळी आली. अध्यक्ष म्हणाले, आजी, थोडक्यात बोला, दोन मिनिटं आहेत.

"पुरे झाली," ती म्हणाली. "ही माझी सून. घरी माझ्याशी भांडते आणि इथे येऊन दार पुसते. तीन वर्षं पुसतेय. मला वाटायचं हिचं डोकं फिरलंय, नसलेलं दार पुसते. आज बघितलं तर दार आहे. आकडापण आहे. मग अडलंय कुठे?"

अभियंता समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, ते नुसतं मॉडेल आहे हो. पुठ्ठ्याचं."

"मग पुठ्ठा बघून घरं का कमी केलीत?"

एकवीस माणसांना एकाच वेळी आपापल्या समोरचे कागद वाचावेसे वाटले. शेवटी मुद्देवाले उठले आणि म्हणाले, मुद्दा असा आहे की भावना आम्ही समजू शकतो. मग जेवणाची सुट्टी झाली. म्हातारी उतरायला लागली तेव्हा मावशी एक पायरी पुढे, उलट्या चालत होत्या. "बघून पाय टाका, आई." "तू बघ. उलटी तू चालतेयस."

त्या दिवसानंतर काहींच्या मनात चलबिचल झाली, हे मी नाकारत नाही. लाज नावाची गोष्ट इथेही अधूनमधून येऊन जाते, चहावाल्यासारखी. लिपिकानं कच्चा हिशेब मांडला तेव्हा दुरुस्तीच्या बाजूनं बारा आणि विरोधात अकरा डोकी भरली. अध्यक्ष या तेविसांत धरलेले नाहीत; ते मत देतात ते बरोबरी झाली तरच. म्हणजे ताई आणि आणखी अकराजण उभे राहिले, तर मी परत पाटावर.

मागच्या आठवड्यात अध्यक्षांनी ताईंना खिडकीशी बोलावून घेतलं. सात मिनिटं बोलले. 'दवाखाना' हा शब्द दोनदा ऐकू आला, 'तुमच्याच वॉर्डात' हे एकदा. त्यानंतर ताईंनी माझ्याकडे पाहिलेलं नाही. आज त्या आल्या तेव्हा माझ्या टेबलाला वळसा घालून पलीकडच्या रांगेतून गेल्या.

आता चार वाजून बारा मिनिटं झाली आहेत. सगळे आले. तेवीस. एवढी हजेरी मी चार वर्षांत पाहिली नव्हती. प्रेक्षकांच्या बाकावर मावशी बसल्या आहेत. आज त्यांनी सुट्टी टाकली आहे, त्यामुळे सकाळी सभागृह झाडलं गेलेलं नाही, आणि हे इथे कोणाच्या लक्षात आलेलं नाही. सासू घरी आहे. म्हणाली म्हणे, परत चढणार नाही, आता त्यांनी खाली यावं.

माझा एक कोपरा दबला आहे. तळाला डिंकाची पिवळी रेघ सुकून राहिली आहे. तीन खिडक्यांचं प्लास्टिक गेलं. सातवं दार मात्र शाबूत आहे, आकड्यासकट. बाकीच्या एकोणचाळीस दारांपेक्षा ते स्वच्छ आहे.

माझं मागणं फार नाही. ज्यांनी मला असं लोळवलं त्यांच्याकडे तर काहीच नाही; त्यांच्याकडून काही मागायचं म्हणजे आधी त्यांना काही कळतं असं धरून चालावं लागेल. मागते ते तुमच्याकडे. तुम्ही कधी आपल्या पालिकेत गेलात आणि असं एखादं मॉडेल मांडलेलं दिसलं, तर झाडं बघू नका, कारंजं बघू नका. इमारती मोजा. बोट लावून, मोठ्यानं, तिथे बसलेल्यांना ऐकू जाईल असं मोजा. आणि एखादी कमी भरली तर कपाट उघडून बघा.

लिपिकानं पेन उघडलं आहे. आता माझं बोलणं पुरे. पुढचं जसं घडेल तसं नोंदवते.

४.३८. दुरुस्ती ठराव मतदानाला. सहावी इमारत मॉडेलमध्ये पूर्ववत बसवावी.

४.३९. वॉर्डाच्या ताईंचा फोन वाजला. त्या बाहेर गेल्या.

४.४१. हात वर. बाजूनं अकरा, विरोधात अकरा. अध्यक्षांचं निर्णायक मत विरोधात. ठराव नामंजूर.

४.४६. ताई आत आल्या.

४.५०. पुढचा ठराव, आवाजी मतदानानं मंजूर. एकूण इमारती पाच, घरं दोनशे. यादीतले क्रमांक २०१ ते २४० रद्द. मोकळ्या जागेवर वाहनतळ, मॉडेलमध्ये दाखवल्याप्रमाणे, गाड्या चार.

४.५२. सुटा भाग, नग १, याची विल्हेवाट लावावी. काम सफाई विभागाकडे. उद्या सकाळी, आठ वीस.